ऑपरेटरची बिझनेस मेसेजिंग सर्व्हिस आठ महिने वापरली, आणि सगळ्यात भारी निघाला तो न जाणारा मेसेज

आमचं अपॉइंटमेंट बुकिंगचं सॉफ्टवेअर आहे, दवाखाने, लॅब, सर्व्हिस सेंटर असे लोक वापरतात, आणि त्यातून रोज जे मेसेज बाहेर पडतात ते सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे मेसेज पोचला तर मी कुणाला आठवत नाही आणि नाही पोचला तर पहिला फोन मलाच. आधी आम्ही एका ॲग्रिगेटरकडून, म्हणजे ऑपरेटर आणि आमच्या मधल्या कंपनीकडून, एसएमएस घ्यायचो. आठ महिन्यांपूर्वी थेट एका मोबाइल ऑपरेटरचं पॅकेज घेतलं, एसएमएस, आरसीएस (एसएमएसचा इंटरनेटवर चालणारा, लोगो-बटणांवाला नवा अवतार), नंबर व्हेरिफिकेशनचे एपीआय (आमच्या सॉफ्टवेअरने ऑपरेटरच्या सॉफ्टवेअरला थेट विचारायची सोय), सगळं एकाच डॅशबोर्डवर. नाव सांगत नाहीये, कारण यातलं निम्मं कुठल्याही ऑपरेटरला लागू पडेल आणि उरलेल्या निम्म्यावरून आमच्या अकाउंट मॅनेजरला उगाच बोलणी बसायची, माणूस चांगला आहे हो.

तर हे अकाउंट मॅनेजर पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "मॅडम, एसएमएस आता संपलं, तुम्ही सरळ आरसीएसवर या." मी म्हटलं अहो, तुमच्याच रेट कार्डवर एसएमएस पहिल्या पानावर आहे आणि आरसीएस शेवटच्या, मग संपलं कसं? हसले. आठ महिन्यांनी सांगते, एसएमएस संपलेलं नाही, थकलंय. ३ डिसेंबर १९९२ ला नील पॅपवर्थ नावाच्या इंजिनिअरने पहिला एसएमएस पाठवला, "मेरी ख्रिसमस" एवढाच मजकूर होता, आणि गंमत म्हणजे तो त्याने फोनवरून नाही तर कॉम्प्युटरवरून फोनला पाठवला होता. म्हणजे जगातला पहिला एसएमएससुद्धा आमच्यासारखाच, मशिनकडून माणसाला गेलेला. मध्ये काही वर्षं लोकांनी एकमेकांना पाठवले, आता ते सगळे चॅट ॲपवर गेले, आणि एसएमएसच्या इनबॉक्समध्ये राहिलो आम्ही, बँका, कुरिअरवाले आणि चोर.

चोरांवर नंतर येते. आधी एसएमएसचं जे सगळ्यात जास्त डोकं खातं ते, म्हणजे अक्षरं मोजणं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरं ७ बिटांची धरली की १६० बसतात, पण देवनागरी आली की प्रत्येक खुणेला १६ बिट लागतात, मग फक्त ७०. आणि मेसेज मोठा होऊन तुकडे पडले की प्रत्येक तुकड्यात जोडणीची माहिती घालावी लागते, म्हणून इंग्रजी १५३ वर येतं आणि मराठी ६७ वर. त्यात आपली अक्षरं कशी मोजतात माहितीये का? "स्त्री" आपल्याला एकच अक्षर दिसतं पण मशीन सहा मोजतं, स, मग हलन्त, त, परत हलन्त, र, आणि वर वेलांटी. आमचा मराठीतला रिमाइंडर १८० च्या आसपास जायचा, म्हणजे तीन तुकडे, आणि बिल मेसेजचं नाही, तुकड्यांचं येतं. मराठीत नीट बोलायला इंग्रजीच्या तिप्पट मोजायचं हे मला अजूनही खटकतं. कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण ते ठरलं तेव्हा त्या खोलीत आपल्यातलं कुणी नव्हतं एवढं नक्की.

आणि इंग्रजीवाल्यांनी पण फार खूश होऊ नये. आमच्या मार्केटिंगच्या मुलाने एकदा साधा १५० अक्षरांचा इंग्रजी मेसेज वर्डमधून कॉपी करून टेम्प्लेटमध्ये टाकला, त्यात एक वळणदार अपॉस्ट्रॉफी आला, तो त्या ७ बिटांच्या यादीत नाही, मग त्या एका टिंबाएवढ्या खुणेसाठी अख्खा मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीसारखाच १६ बिटांच्या मोजणीत, गेला आणि एकाचे तीन तुकडे झाले. डॅशबोर्ड मात्र लिहिताना "मेसेज १" असंच दाखवत होता. महिन्याचं बिल बघून मी पहिल्यांदा ऑपरेटरला फोन लावला, भांडले, आणि मग कळलं की त्यांची चूक नाहीये. तरीपण! लिहितानाच "याचे तीन तुकडे होतायत बरं का" एवढं दाखवायला काय जातं? आम्ही तक्रार केल्यावर चौथ्या महिन्यात तो काउंटर आला. एक स्टार तिथेच कापला होता, अर्धा परत दिला.

थेट ऑपरेटरकडे आल्याचा खरा फायदा काय झाला तर डिलिव्हरी रिपोर्ट. आधीच्या ॲग्रिगेटरकडे सगळं छान हिरवंगार असायचं, जवळजवळ सगळे मेसेज "डिलिव्हर्ड", आणि इकडे पेशंट म्हणतायत आम्हाला काही आलंच नाही. स्वस्त राउट म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. मेसेज पाच हातांतून जातो, मधला कुणीतरी तो सिमकार्डांच्या ढिगातून साध्या माणसाचा मेसेज म्हणून ढकलतो नाहीतर पाठवतच नाही, आणि रिपोर्ट मात्र स्वतःच बनवून परत देतो. बनावट पोचपावती. थेट आल्यावर पहिल्या आठवड्यात आमचा डिलिव्हरीचा आकडा खाली आला आणि साहेब घाबरले, मला विचारलं, "नवीन सर्व्हिस जास्त वाईट आहे का?" मी म्हटलं नाही हो, आकडा पहिल्यांदा खरा दिसतोय. त्यांना पटायला दोन आठवडे लागले. बंद नंबर, महिनोन्महिने नेटवर्कवर न आलेले नंबर, सगळे वेगवेगळे दिसायला लागले, ते यादीतून काढले आणि बिल कमी झालं. या एका गोष्टीसाठी ऑपरेटरला पैकीच्या पैकी.

जोडणी मात्र अजून जुन्याच पद्धतीची. मोठ्या प्रमाणात पाठवायचं तर एसएमपीपी, म्हणजे ऑपरेटरच्या एसएमएस सर्व्हरशी बोलायची ठरलेली भाषा, आणि तेही १९९९ सालचं ३.४ व्हर्जन, २००३ ला ५.० आलं ते कुणी फारसं मनावर घेतलंच नाही. आमचा बॅकएंडवाला त्या व्हर्जनपेक्षा लहान आहे. पण खरं सांगू का, चालतं ते. एकदा बाइंड झालं, म्हणजे जोडणी लागली, की गपगुमान चालत राहतं, आठ महिन्यांत त्याच्यामुळे एकदाच रात्री उठावं लागलं.

आता ओटीपी. उशिरा आलेला ओटीपी म्हणजे वरातीमागून घोडं. त्यात माणूस "पुन्हा पाठवा" दाबतो, मग दुसरा येतो, मग पहिला येतो, तो पहिलाच टाकतो आणि आपण म्हणतो चुकीचा कोड. आम्ही एवढंच केलं की मेसेजची मुदत पाच मिनिटांवर आणली, तेवढ्यात फोन सापडला नाही तर नेटवर्कने तो टाकून द्यायचा. हे सेटिंग त्यांच्या डॅशबोर्डवर तीन मेनूंच्या आत लपवलेलं आहे आणि मूळ मुदत दोन दिवसांची. दोन दिवसांनी आलेल्या ओटीपीचं माणसाने करायचं काय?

पण उशीर परवडला अशी दुसरी एक गोष्ट आहे. एका रात्री आमच्या "ओटीपी पाठवा" बटणावर रिक्वेस्टचा पाऊस पडला. नंबर बघितले तर एकामागोमाग एक, शेवटचे दोन आकडे फक्त बदलतायत, आणि एकही ओटीपी कुणी परत टाकलेला नाही. याला एआयटी म्हणतात, कृत्रिमरीत्या फुगवलेला ट्रॅफिक. कुणीतरी बॉट लावतो, आपल्याच साइटवरून हजारो ओटीपी मागवतो, ते ज्या नंबरांवर जातात त्या वाटेवरच्या कुणालातरी प्रत्येक मेसेजमागे वाटा मिळतो, आणि बिल भरतो आपण. आम्ही छोटे मासे, पण मोठेही यातून सुटले नाहीत. ट्विटरने २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की २० मार्चपासून एसएमएसवरचा टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर येणारा कोड, फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळेल, आणि इलॉन मस्कचा दावा होता की खोट्या ओटीपी मेसेजपायी कंपनीचे वर्षाला ६ कोटी डॉलर जातायत. आकडा त्यांचा, मी काही तपासलेला नाही, पण त्या रात्रीनंतर मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

सकाळी ऑपरेटरच्या सपोर्टला विचारलं की तुम्हाला हे दिसलं नाही का, एवढे सलग नंबर? उत्तर आलं की मॅडम, तुमच्याकडूनच रिक्वेस्ट आल्या, आम्ही डिलिव्हर केल्या. बरोबर आहे, नियमाने बरोबर आहे. पण प्रत्येक मेसेजमागे ज्याला पैसे मिळतात तो मेसेज थांबवायची घाई कशाला करेल, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडलाय. शेवटी आम्हीच पाठवलेले ओटीपी आणि परत टाकलेले ओटीपी यांचं गणित दर दहा मिनिटांनी बघायला लागलो, फरक वाढला की बटण आपोआप बंद. हे त्यांच्या पॅकेजमध्ये असायला हवं होतं. दीड स्टार कापला इथे.

चोरांवर येते म्हटलं होतं. एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याचं नाव म्हणून अकरा अक्षरांपर्यंत काहीही लिहिता यायचं, आणि फोन बिचारा नाव बघून मेसेज त्याच धाग्यात लावतो. म्हणजे बँकेच्या खऱ्या वीस मेसेजच्या खाली चोराचा एकविसावा, त्याच नावाने. सिंगापूरमध्ये डिसेंबर २०२१ च्या सुमाराला एका बँकेच्या नावाने असेच मेसेज गेले आणि ७९० च्या आसपास लोकांचे पैसे गेले. त्यानंतर तिथे नाव नोंदवणं सक्तीचं झालं, ३१ जानेवारी २०२३ पासून नोंद नसलेल्या नावाच्या जागी फोनवर "बहुधा फसवणूक" अशा अर्थाचा शिक्का दिसतो. भारतात टेलिकॉम नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांतून डीएलटी आलं (पाठवणाऱ्याचं नाव आणि टेम्प्लेट नोंदवायची यंत्रणा), अमेरिकेत टेन-डीएलसीची, म्हणजे साध्या दहा आकडी नंबरवरून बिझनेस मेसेज पाठवणाऱ्यांची, नोंदणी आली, सगळीकडे वारं एकाच दिशेने वाहतंय, आधी सांगा कोण आहात आणि काय पाठवणार आहात, मग पाठवा.

यावर आमच्या धंद्यातले लोक खूप कुरकुरतात. टेम्प्लेट मंजूर करून घ्या, एक शब्द बदलला तर परत मंजुरी, मी पण कुरकुरते, गेल्या महिन्यात एका पूर्णविरामावरून टेम्प्लेट परत आलं. पण आई जेव्हा फोन पुढे करून विचारते की "हा मेसेज खरा आहे का गं", तेव्हा मला त्या कटकटीचं काही वाटत नाही. तिच्या वयाच्या माणसाने लिंक कशी ओळखायची? ते काम नेटवर्कचं आहे. फक्त एक आहे, नेटवर्कच्या चाळणीतून जे जातं तेच नेटवर्क चाळू शकतं. आता एसएमएस ब्लास्टर म्हणून यंत्रं निघालीत, गाडीत खोटा टॉवर ठेवायचा, आजूबाजूच्या फोनना २जी वर ओढायचं आणि थेट मेसेज टाकायचा. तो मेसेज ऑपरेटरच्या यंत्रणेत येतच नाही, मग त्यांची फायरवॉल काय करणार. अँड्रॉइडमध्ये १२ व्या व्हर्जनपासून २जी बंद करायचं बटण आलंय, ज्या फोनवर असेल त्यावर बंद करून टाका, वाचताय तोवरच करा.

आरसीएस. याचं भिजत घोंगडं किती वर्षं पडलं होतं बघा. २००७ ला सुरुवात, २००८ ला जीएसएमएने, म्हणजे जगभरच्या ऑपरेटरांच्या संघटनेने, हातात घेतलं, प्रत्येक ऑपरेटर आपापल्या पद्धतीने करत बसला आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. २०१५ ला गूगलने जाइब ही कंपनी घेतली, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सगळ्यांसाठी एक सामाईक प्रोफाइल आलं, आणि ॲपलने आयफोनवर आरसीएस आणलं ते सप्टेंबर २०२४ ला, आयओएस १८ सोबत. बिझनेसवालं त्यानंतरच्या १८.१ मध्ये, आणि तेही ज्या ऑपरेटरने चालू केलं त्यांच्याकडेच. कानामागून आलेलं व्हॉट्सॲप तोवर तिखट होऊन बसलं होतं, त्यांचं बिझनेस एपीआय २०१८ च्या ऑगस्टमध्येच आलं होतं. ऑपरेटर मंडळींनी दहा-पंधरा वर्षं समितीच्या बैठकांत घालवली आणि मग म्हणतात आमचं मार्केट गेलं!

बरं पण वस्तू म्हणून आरसीएस कसं आहे? छान आहे, खरंच छान आहे. आमच्या दवाखान्याचा लोगो, नाव, बाजूला व्हेरिफाइडची खूण, आणि खाली बटणं. पूर्वी रिमाइंडरमध्ये "यायचं असल्यास १ लिहून पाठवा" असलं काहीतरी असायचं आणि लोक "१" सोडून सगळं लिहायचे, "हो येतो", "डॉक्टर आहेत का", एकाने तर रिपोर्टचा फोटो पाठवायचा प्रयत्न केला होता. आता बटण दाबतात. तिथे पण २५ अक्षरांची मर्यादा आहे बटणावर, आणि मोजणी तीच, जोडाक्षर फोडून, पण आपल्या मराठीने एकदाचा फायदा करून दिला, "वेळ बदला", "येणार", "नाही जमणार", सगळं आरामात बसतं. मुख्य म्हणजे ७० चं झंझट नाही, तुकडे नाहीत, मराठीत मोकळेपणाने लिहा. माझ्यासाठी आरसीएसचं सगळ्यात मोठं फीचर हेच आहे, कॅरोसेल (बोटाने सरकवत बघायची चित्रं) आणि व्हिडिओ गेले खड्ड्यात. दवाखान्याच्या रिमाइंडरमध्ये कॅरोसेल कुणाला बघायचंय, तरी विकायला आलेला माणूस प्रत्येक वेळी तेच दाखवतो.

मंजुरी मिळवणं मात्र पेशन्सची परीक्षा. एका ऑपरेटरकडे एजंट, म्हणजे आरसीएसवरचं आपलं नाव-लोगोवालं खातं, मंजूर झाला म्हणजे सगळीकडे झाला असं नाही, प्रत्येक ऑपरेटर आपापलं बघतो. आमचा लोगो गोलात बसत नाही म्हणून एकदा परत आला, मग प्रायव्हसी पॉलिसीची लिंक उघडत नाही म्हणून, ती उघडत होती, त्यांच्या ऑफिसच्या नेटवर्कवरून उघडत नव्हती. साडेपाच आठवडे.

आणि मग आमचा घोळ, जो आमचाच होता. आरसीएस इंटरनेटवर चालतं. फोनचा डेटा बंद असेल तर मेसेज सर्व्हरवर थांबून राहतो, ३० दिवसांपर्यंत. आम्ही असं लावलं होतं की दहा मिनिटांत नाही पोचला तर एसएमएस पाठवायचा. छान. पण आधीचा आरसीएस मागे घ्यायचा असतो हे राहून गेलं. झालं काय, एका आजोबांचा डेटा बंद होता, त्यांना एसएमएस मिळाला, ते वेळेवर येऊन दाखवून गेले. संध्याकाळी नातवाने डेटा चालू केला आणि आरसीएस येऊन पडला, "आपली अपॉइंटमेंट उद्या सकाळी १० वाजता आहे". आजोबा दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला परत हजर! रिसेप्शनवरच्या ताईंनी मला फोन करून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून दोन नियम, फॉलबॅक, म्हणजे आरसीएस न पोचल्यावर एसएमएस पाठवायची सोय, आधी जुना मेसेज रद्द करतो, आणि टेम्प्लेटमध्ये "उद्या" हा शब्द वापरायचा नाही, तारीख लिहायची. हे कुठल्याही डॉक्युमेंटेशनमध्ये मला सापडलं नव्हतं, आजोबांनी शिकवलं.

व्हॉट्सॲपशी तुलना सगळे विचारतात म्हणून दोन ओळी. लोक तिथेच असतात, त्यामुळे वाचलं जातं हे खरं. पण दुकान दुसऱ्याचं आहे, १ जुलै २०२५ पासून त्यांनी आकारणी संभाषणामागे होती ती मेसेजमागे केली आणि आम्हाला सगळी गणितं परत मांडावी लागली. आरसीएसमध्ये पण गूगलचंच सामान बहुतेक ठिकाणी आतून चालतं, त्यामुळे ऑपरेटर "आमचं स्वतःचं" म्हणतात तेव्हा मी नुसती मान हलवते.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. पॅकेजमध्ये शेवटच्या ओळीत "नंबर व्हेरिफिकेशन एपीआय" लिहिलेलं होतं, विकणाऱ्याने त्यावर एक मिनिटसुद्धा घालवलं नाही, आणि आम्ही पण चार महिने हात लावला नाही. त्या एआयटीच्या रात्रीनंतर वैतागून लावून बघितलं. चालतं असं की माणूस ॲपमध्ये नंबर टाकतो, ॲप मोबाइल डेटावरून ऑपरेटरला विचारतं की हा फोन आत्ता ज्या सिमवरून बोलतोय तो हाच नंबर आहे का, ऑपरेटर हो किंवा नाही म्हणतो. झालं. कोड नाही, वाट बघणं नाही, "पुन्हा पाठवा" नाही. माणूस आत. बॉटला ढीगभर नंबर टाकू दे, त्याच्याकडे ती सिमं नाहीत. आणि फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्याला काढायला काही उरतच नाही, कारण सांगण्यासारखा कोडच नाही.

पहिल्यांदा टेस्ट केलं तेव्हा मला वाटलं बिघडलंय. नंबर टाकला आणि थेट पुढचं पान. मी बॅकएंडवाल्याला म्हटलं, "अरे, चेक होतच नाहीये बहुतेक." तो म्हणाला, "ताई, झालं चेक." परत केलं, दुसऱ्या नंबरने केलं, तेव्हा नाही म्हणाला. तेव्हा विश्वास बसला.

हे काही नवीन जादू नाही हो. कुठलं सिम कुणाचं हे ऑपरेटरला पहिल्या दिवसापासून माहितीये, त्यावरच तर बिल काढतात. फक्त बाहेरच्याला एका ठरावीक पद्धतीने विचारता येत नव्हतं. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेसमध्ये जीएसएमएने त्यासाठी ओपन गेटवे नावाचा उपक्रम जाहीर केला, सुरुवातीला २१ ऑपरेटर गट होते, आणि एपीआयचं स्वरूप लिनक्स फाउंडेशनच्या कॅमारा प्रोजेक्टमध्ये ठरतं. त्यातलंच दुसरं सिम स्वॅपचं, या नंबरचं सिम अलीकडे बदललंय का एवढंच सांगतं. किती तास मागचं बघायचं ते आपण द्यायचं, काही नाही दिलं तर २४० तास धरतात. आम्ही ते फक्त रिपोर्ट डाउनलोड करताना वापरतो. सिम नुकतंच बदललेलं असेल तर रिपोर्ट थेट न देता दवाखान्यातून खात्री करून घेतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ मध्येच फोन नेटवर्कवरून कोड पाठवणं "मर्यादित" प्रकारात टाकलं होतं, आणि आपण सगळे अजून सहा आकडे टाइप करत बसलोय.

खोट? आहेत ना. वायफायवर असाल तर ॲपला मुद्दाम मोबाइल डेटावरून विचारावं लागतं आणि डेटाच बंद असेल तर संपलं. दोन सिम असतील आणि डेटा दुसऱ्या सिमवर असेल तर "नाही" येतं, माणूस खरा असूनही. व्हीपीएन असेल तर राम म्हणा. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सगळे ऑपरेटर यात नाहीत, आमच्या ग्राहकाचा नंबर दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्या कंपनीने पण हे चालू केलेलं पाहिजे. त्यामुळे मागे ओटीपी ठेवावाच लागतो, पण आता तो दुसऱ्या नंबरला उभा असतो.

गंमत बघा, मेसेज विकणाऱ्या कंपनीच्या यादीतलं सगळ्यात उपयोगी काय, तर मेसेज न पाठवणं. म्हणूनच बहुतेक ते शेवटच्या ओळीत लिहितात. त्यांचे सेल्सवाले अजून "महिन्याला किती लाख मेसेज" यावर टार्गेट घेऊन फिरतायत, आणि त्यांच्याकडे विकण्यासारखी जी एकच गोष्ट दुसऱ्या कुणाकडे नाहीये, म्हणजे "हा नंबर खरंच या फोनमध्ये आहे" हे छातीठोक सांगणं, ती पोटमाळ्यावर पडून. चॅट ॲपवाले कितीही मोठे होऊ देत, सिम त्यांच्याकडे नाही. आमच्या अकाउंट मॅनेजरना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "मॅडम, माझ्या इन्सेंटिव्हमध्ये ते मोजत नाहीत." प्रामाणिक माणूस.

एआय चॅटबॉट पण दिलाय पॅकेजमध्ये, आरसीएसवर लोकांशी बोलतो म्हणे. दोन आठवडे लावला, उपाशीपोटी यायचं का या प्रश्नाला त्याने एकाच दिवशी दोन उत्तरं दिली, काढून टाकला. लॅबच्या बाबतीत असली रिस्क नको. कपडे-बिपडे विकणाऱ्यांना चालेल कदाचित.

सपोर्ट दिवसा बरा, रात्री नाही. तिकीट टाकलं की आपोआप उत्तर येतं, मग चोवीस तासांनी "अडचण अजून आहे का" असा मेल, त्याला उत्तर नाही दिलं तर तिकीट बंद. बिल मात्र आता तुकड्यांसकट, ऑपरेटरसकट फोडून येतं, ते आवडलं.

स्टार द्यायचे तर एसएमएसला तीन, आरसीएसला साडेतीन, नंबर व्हेरिफिकेशनला साडेचार, सपोर्टला दोन, चॅटबॉटला काहीच नाही. पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आम्ही केलंय, पण मेसेजची संख्या कमी करून आणि व्हेरिफिकेशनची वाढवून, तर डिस्काउंटचा स्लॅब खाली गेला कारण स्लॅब फक्त मेसेजवर मोजतात. भांडण चालू आहे.

आणि कुणी घेणार असाल तर ट्रायलमध्ये डेमोचा फोन वापरू नका, त्यांचा डेमोचा फोन नेहमी फुल रेंजमध्ये आणि एकाच सिमचा असतो. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, दोन सिम टाका, डेटा दुसऱ्या सिमवर ठेवा, आणि अर्ध्या तासाने बंद करा. मग पाठवायला सांगा.